उकळलेल्या चहापत्तीची बिडी

मॅडमना स्कूटी शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शाळेतला दुसरा कोणी तयार नव्हता. मी आपला शहाण्यासारखा हा ब्रेक, हा एक्सिलेटर, असं समजावून सांगत होतो. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. "बाबू, आधी मले चुकू दे. मंग सांग." आणि बटण दाबून निघाल्या त्या थेट गावाच्या बोडीत. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाच्या बांध्यांजवळचं लहानसं तळं. उन्हाळ्याचे दिवस होते म्हणून बरं, पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. मॅडम चिखलातून उठल्या, अंबाड्यातला खडू जागेवर आहे का ते चाचपून पाहिलं, आणि काठावर बोंबलणाऱ्या मला शांतपणे विचारलं, "हं, आता सांग. ब्रेक कोनता?"

त्यानंतर सांगितलेलं सगळं त्यांना एका खेपेत समजलं. आता गोंदियाच्या बाजारात ऑटोवाल्यांच्या मधून त्या अशी गाडी काढतात की मागे बसलेला मी डोळे मिटून घेतो. पण त्या दिवशी गाडी बोडीतून ओढून काढायला मीच होतो, हे त्या सोयीस्करपणे विसरल्या आहेत.

बिरसीच्या विमानतळाजवळ एक लहान गाव, आणि त्या गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. मॅडम तिथं मुख्याध्यापिका होत्या. मी नवेगाव बांधाकडचा, धानवाल्या घरातला. बदली होऊन इकडे आलो तेव्हा मनातून नाराजच होतो. पहिल्याच दिवशी मला दारात एक ठेंगणी बाई दिसली. केसांच्या अंबाड्यात पेन खोचावं तसा पांढरा खडू, आणि मानेवर खडूची भुकटी. मी त्यांना विचारलं, हेडमॅडम कुठे बसतात. त्या म्हणाल्या, बसत नाहीत. आणि खरंच, खुर्चीवर बसलेल्या मॅडम मी फार कमी वेळा पाहिल्या. त्यांची खुर्ची पोषण आहाराचं तांदळाचं पोतं ठेवायला कामी येई.

त्या वाढल्या गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात. वडील रेल्वेत, मिस्टर रेल्वेत. त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमच्या भागातली झाडीबोली, आणि रागावल्या की कोणत्या भाषेत रागावतील याचा नेम नसे. सरकारी कागदावर मात्र असं शुद्ध मराठी लिहीत की तालुक्याचे लोक त्यांच्याकडून अर्ज तपासून घेत.

"आधी मले चुकू दे" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की झोपेतसुद्धा ऐकू येई. नवा मोबाइल घेतला तेव्हा मी शिकवायला बसलो, तर तेच. मग आमच्या तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक आवाजी निरोप आला. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी हजेरीची माहिती मागितली होती आणि त्याखाली मॅडमचा आवाज, "येताना वांगे नका आनू, काल आनले ते किडके निघाले." तो निरोप मिस्टरांसाठी होता. सगळा तालुका हसला. मॅडमना लाज वगैरे काही वाटली नाही. "चला, आवाज पाठवता आला," म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. असल्या माणसाचं काय करावं, मला सांगा.

पोरांच्या बाबतीतही हाच कारभार. शनिवारी शेवटच्या तासाला त्या हप्त्यातली सगळ्यात भारी चूक निवडत. ज्याची चूक भारी, त्यानं सोमवारी शाळेची घंटा वाजवायची. एकदा पाण्याचे उपयोग लिहायला सांगितले होते. पिणे, आंघोळ, शेती वगैरे सगळ्यांनी लिहिलं, आणि एका पोरानं लिहिलं, भांडण करणे. त्याचं घर हातपंपासमोर होतं. मी त्यावर लाल काट मारली होती. मॅडमनी ती खोडली आणि पोराला घंटा दिली. मी चिडलो. त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन विचारलं, की या पोरानं पाहून लिहिलं, बाकीच्यांनी कोठून लिहिलं?  पालक तक्रार घेऊन येत, की आमचा पोट्टा चुकायला लागला तुमच्यामुळे. मॅडम त्यांना चहा पाजत.

बिरसीला विमान चालवायला शिकवतात. शिकणाऱ्यांची लहान विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालत असतात. आवाज आला की मॅडम वर्ग सोडून पोरांना मैदानात आणत. विमान खाली उतरायचं, जमिनीला टेकल्यासारखं करायचं आणि पुन्हा वर जायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी एकदा वैतागून म्हटलं, मॅडम, रोजचंच आहे हे. त्या पोरांकडे वळून म्हणाल्या, "पाहा रे, इतका मोठा मानूस, आनि शिकून राहिला." पोरं मान वर करून बघत राहायची आणि माझा गणिताचा तास वाया जायचा. तेव्हा मला वाटे वाया जायचा.

आता मुख्य गोष्ट. मॅडमनी वर्गातली बाकडी भिंतीला लावून टाकली होती आणि वर्गाचे चार कोपरे केले होते. एक बोलायचा कोपरा, तिथं पोरं धडा एकमेकांना सांगत. दुसरा पाहायचा, तिथं चित्रं, नकाशे, पुस्तकं. तिसरा हाताचा, म्हणजे माती, काड्या, सुतळी, चिंचोके. चौथ्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसती एक सतरंजी. त्याला मॅडम म्हणत उगा कोपरा. आमच्याकडे गप्प राहा म्हणायचं तर उगा राहा म्हणतात. पोरानं कोणत्या कोपऱ्यात जायचं ते पोरानं ठरवायचं, आणि एकाच कोपऱ्यात रोज बसायलाही मनाई नव्हती. नियम फक्त उगा कोपऱ्याचा होता. तिथं बसलेल्या लेकराला कोणी काही विचारायचं नाही. मास्तरांनीही नाही. "बोलन तवा बोलन," एवढंच मॅडमचं म्हणणं.

या कोपऱ्यावरूनच सगळं घडलं. तालुक्याचे साहेब एक दिवस शाळेला भेट द्यायला आले. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका, वेळेचा पक्का, आपल्या पदव्या नावापुढे न चुकता लावणारा. त्यांना उगा कोपऱ्यात एक पोरगी भिंतीकडे बघत बसलेली दिसली. त्यांनी तिला नाव विचारलं. ती बोलली नाही. पाढा विचारला, बोलली नाही. मॅडम मध्ये पडल्या, साहेब, इथं विचारायचं नसते. साहेबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, वर्गात एक जागा अशी आहे जिथं शिक्षकानंच विचारायचं नाही, याला शाळा म्हणायचं का? सोमवारपासून बाकडी ओळीत लागली पाहिजेत.

मॅडम त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत, हेच नवल. साहेब गेल्यावर त्या उगा कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. त्यांचे डोळे भरले होते. मॅडमना रडताना मी तेव्हाच पाहिलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि साऱ्या नोकरीत त्यांनी कमावलं होतं ते एवढंच, हे चार कोपरे. त्या दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेल्या आणि साहेबांकडून मुदत घेऊन आल्या. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, सगळ्या शिक्षकांची शिक्षण परिषद तोंडावर होती. विषय होता, मुलांच्या शिकण्याच्या वेगवेगळ्या पद्धती. मॅडम म्हणाल्या, ही परिषद आमच्या शाळेत घ्या, मी घेते. त्यात तुम्हाला आणि शिक्षकांना पटलं तर कोपरे राहतील. नाही पटलं तर बाकडी मी माझ्या हातानं ओळीत लावीन. साहेब कबूल झाले.

मग सुरू झाली त्या परिषदेची तयारी, आणि माझी फरफट. कोणीतरी ग्रुपवर एक तयार सादरीकरण टाकलं होतं. त्यात लेकरांचे तीन प्रकार दिले होते, डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, हातांनी शिकणारे. प्रत्येकाच्या सदऱ्याला वेगळ्या रंगाची फीत लावा म्हणे. मला ते आवडलं. सोपं होतं, पडद्यावर दाखवलं की काम झालं. मॅडमनी ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि मोबाइल उलटा ठेवला.

"बाबू, कानानं शिकनारा लेकरू पोहायले कसा शिकन? बोडीच्या काठावर बसून ऐकन का?"

मी म्हटलं, तसं नाही मॅडम, प्रत्येकाची एक आवड असते. त्या म्हणाल्या, आवड असते ना, मग आवडच म्हण. लेकरावर फीत नको लावू, फीत निघत नाही. कोणत्या कामाला काय लागते ते पाहा. गाणं आहे तर कान लागन, नकाशा आहे तर डोळा लागन, आणि बरेचदा सगळंच लागन. त्यांना मास्तरांना हेच दाखवायचं होतं, आणि भाषण न करता दाखवायचं होतं. मास्तर लोकांना भाषण चालत नाही, ते स्वतः दिवसभर तेच करतात.

ठरलं असं की मास्तरांनाच काहीतरी नवं शिकायला लावायचं. तीन खोल्या, तीन गट. एका खोलीत फक्त तोंडानं सांगायचं, हात दाखवायचा नाही. दुसरीत फक्त करून दाखवायचं, तोंड उघडायचं नाही. तिसरीत सामान ठेवून निघून यायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि कोणाचं कुठं अडलं ते बोलायचं. पण शिकवायचं काय? मी म्हटलं, धानाची रोवणी. त्या म्हणाल्या, अर्धे मास्तर धानवाले आहेत, तू स्वतः आहेस. मी म्हटलं, मासोळीचं जाळं विणायला शिकवू. तर नवेगावकडच्या मास्तरांना ते येत असेल. शिकलेल्या माणसाला येतच नाही असं काहीतरी पाहिजे होतं. बरेच दिवस मॅडम चालता चालता स्वतःशी पुटपुटत होत्या. आणि एका सकाळी शाळेमागच्या मोहल्ल्यातून आल्या त्या हातात तेंदूपत्ता घेऊन. "बिडी," म्हणाल्या. "हे कोन्या मास्तरले येत नसन."

मी हादरलो. शाळेत बिडी? साहेब निलंबित करतील म्हटलं. मॅडमनी त्याचाही विचार केला होता. तंबाखू नाही, तंबाखूच्या जागी उकळून वाळवलेली चहापत्ती. त्या दिवसापासून शाळेत झालेल्या प्रत्येक चहाची पत्ती ऑफिसच्या खिडकीत वर्तमानपत्रावर वाळायला लागली. कोणी भेटायला आलं की मॅडम आग्रहानं दुसरा कप देत. लोकांना वाटे, बाईंचा स्वभावच मोठा.

मागच्या मोहल्ल्यात घरोघरी बिड्या बांधल्या जात. आता काम कमी झालं आहे, पण बायकांचे हात अजून विसरले नाहीत. मॅडम तिथं एका बाईकडे रोज शाळा सुटल्यावर शिकायला जात, आणि तिथंही सांगून ठेवलेलं, आधी मले चुकू दे. ओला पत्ता मापात कापायचा, शिरेच्या अंगानं धरायचा, मसाला पसरायचा, गुंडाळायचा, रुंद तोंड नखानं आत दुमडायचं आणि बारीक टोकाला दोरा बांधायचा. ऐकायला सोपं. मॅडमनी टोपलीभर पत्ते फाडले. शीर उलटी धरली की पत्ता टर्रकन फाटतो, हे त्या बाईनं सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं शोधून काढलं. मीही शिकलो, म्हणजे माझी बिडी लवंगी फटाक्यासारखी दिसे.

परिषदेच्या दिवशी केंद्रातले सगळे शिक्षक आले. साहेब आले, मागच्या भिंतीजवळ उभे राहिले. खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. आदल्या दिवशी मॅडमनी मला विचारलं होतं, बाकडी ओळीत लावली तर पाय ठेवायला जागा उरेल का वर्गात. म्हणजे हरलो तर काय, हेही त्यांनी मोजून ठेवलं होतं.

तीन खोल्यांत काम सुरू झालं. तोंडानं सांगायची खोली माझी. मी हात पाठीमागे बांधून सांगत होतो आणि समोर केंद्रातले ज्येष्ठ गुरुजी बसले होते, कडक इस्त्रीचे. त्यांची बिडी इतकी वाकडी झाली की मला बरं वाटलं. सगळ्यांच्याच बिड्या भयंकर झाल्या. कुठं चहापत्ती सांडते, कुठं दोरा सुटतो. मी खूष. मॅडमच्या मनासारखं होत होतं. आता सगळे एकत्र बसतील, अडलेलं सांगतील, आणि आपण जिंकलो.

मॅडमनी तिन्ही खोल्यांतल्या बिड्या एका सुपात गोळा केल्या आणि मोठ्या वर्गात सगळ्यांसमोर बसल्या. एक बिडी उचलली, फिरवून पाहिली. दुसरी उचलली. तिसरी उकलली, पत्ता सरळ केला आणि उजेडात धरला.  

"याच्यातला पत्ता फाटला नाई," त्या म्हणाल्या. "याच्यातला बी नाई. मी टोपलीभर फाडले. खरी चूक अशी नसते. हे बिडी येनाऱ्या मानसानं ठरवून बिघडवलेलं आहे."

चुकण्यात सारा जन्म घातलेली बाई. खोटी चूक तिच्या हातात लपणार थोडीच. हातातली वाकडी बिडी कोणाची ते त्यांनी माझ्याकडून खुणेनं समजून घेतलं, इस्त्रीच्या गुरुजींकडे वळल्या आणि सरळ विचारलं, "गुरुजी, तुमाले येते. काऊन लपवून राहिले?"

गुरुजींनी मान खाली घातली.  मला वाटलं, झालं, या बाईच्या जिभेनं सगळं बुडवलं. साहेब बघत आहेत, आणि ज्येष्ठ माणसाला असं चारचौघांत विचारतात का कोणी. तेवढ्यात मागे बसलेल्या एक शिक्षिका उठल्या. तिरोड्याकडच्या. परिषदेत त्या कधी बोलत नसत. त्यांचं नावही अनेकांना माहीत नव्हतं.

"त्यांले नका विचारू मॅडम, मले विचारा," त्या म्हणाल्या. "माह्या घरी बिड्या बांधत. मी शाळेत यायच्या आधी सूप भरून बांधून येत होती. हाताले तंबाखूचा वास ये. बाजूच्या पोरी नाक दाबत. मंग मी वर्गात हात वर करनंच बंद केलं. उत्तर येत होतं. पन हात वर केला तर वास येन ना."

एवढं बोलून त्या बसल्या. मी शिक्षक होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि वर्गात हात वर न करणाऱ्या पोराला उत्तर येत नाही असंच मी धरून चाललो होतो. मग दुसरे एक बोलले, मग आणखी एक. शेवटी इस्त्रीचे गुरुजीही बोलले, की आमचं सगळं घर त्यावर चाललं आणि मी माझ्या पोरांनाही सांगितलं नाही. अर्ध्याहून जास्त वर्ग त्या घरांतला निघाला. जे काम कोणत्याच मास्तराला येत नसेल म्हणून आम्ही निवडलं, ते काम त्यांच्या हातात लहानपणापासून होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की इथं मी एकटाच तसा आहे.

रेल्वे क्वार्टरातल्या मॅडमना हे दिसलं नाही, आणि धानवाल्या मलाही नाही. तीन खोल्या, तीन गट, सगळी तयारी फुकट गेली. मॅडम सूप मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मग त्या चक्क हसल्या.

"मी चुकली," त्या म्हणाल्या. "परिषद बुडाली माही. आता तुमी सांगा. तुमाले हे कोनं शिकवलं? सांगून शिकवलं का दाखवून?"

कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणालं, आईजवळ बसलो होतो. कोणी म्हणालं, आजी बांधायची, आम्ही दोरा द्यायचो, मग कधी यायला लागलं ते कळलंच नाही. डोळा, कान, हात यातलं कोणी वेगळं काढू शकलं नाही. मॅडम म्हणाल्या, मग उद्या तुमच्या वर्गात जाल तेव्हा लेकराला कोणत्या रंगाची फीत लावाल? तो डोळ्यानं शिकतो का कानानं हे मागाहून पाहा. आधी हे पाहा की तो काय लपवून बसला आहे. पावणेदोनशे पानांच्या प्रशिक्षण पुस्तिकेतून जे कळलं नसतं ते तिथं सगळ्यांना कळलं होतं, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. मग कोणीतरी उरलेले पत्ते ओढले, आणि शाळेतल्या त्या सतरंजीवर मास्तर आणि मास्तरणी हसत, बोलत, एकमेकांना चिडवत बिड्या बांधू लागले. काय हात चालत होते. मला अभिमान वाटला, आणि कशाचा ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्या गोंधळात माझं लक्ष मागे गेलं. साहेब खिडकीजवळच्या टेबलाशी पाठमोरे उभे होते. टेबलावर उरलेला एक पत्ता होता. साहेबांची बोटं त्यावर फिरली, पत्ता गुंडाळला गेला, अंगठ्याच्या नखानं तोंड दुमडलं गेलं, दोरा बसला. पाहायलाही वेळ मिळाला नाही इतकं पटकन. त्यांनी ती बिडी खिशात टाकली आणि हात रुमालाला पुसले. मी तोंड उघडणार तोच मॅडमनी माझं मनगट धरलं. त्यांनीही पाहिलं होतं. दुसऱ्या कोणालाही तोंडावर विचारणारी ती बाई, त्या वेळी हळूच म्हणाली, "उगा राहा."

जाताना साहेब दारात थांबले. बाकडी आहेत तिथं राहू द्या, एवढंच म्हणाले, आणि गाडीत बसले. गाडी वळणाआड गेल्यावर मॅडमनी अंबाड्यातला खडू काढून माझ्या डोक्यात मारला. त्यांच्या आनंदाची ती पद्धत होती, आणि त्या दिवशी मला ती लागली नाही.

पुढे आमचे चार कोपरे बघायला दुसऱ्या शाळांचे लोक येऊ लागले. मॅडम त्यांना आमच्या फसलेल्या परिषदेची गोष्ट आधी सांगत, कोपरे नंतर दाखवत. ज्या पोरीवरून हे सारं सुरू झालं ती अजूनही कमीच बोलते. पण हात वर करते.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव घातला. शाल, नारळ, हार, सगळं झालं. अख्खं गाव आलं होतं. मागच्या मोहल्ल्यातल्या बायका मांडवाच्या कडेला, शेवटी बसल्या होत्या, जिथं त्या नेहमी बसतात. मॅडमना त्या दिवशी खुर्चीवर बसावंच लागलं. त्यांना ते मुळीच सोसत नव्हतं, म्हणून मला शेजारी बसवून घेतलं होतं. एकामागून एक भाषणं झाली. वरून बिरसीचं एक विमान घिरट्या घालत होतं आणि मॅडमचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

शेवटी साहेब उठले. त्यांची भाषणं मी बरीच ऐकली होती. पदव्या, नियम, आकडेवारी, आभार. त्यांनी माईक हातात घेतला.  मग त्यांनी मांडवाच्या शेवटी बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"मी बिडी बांधणाऱ्या बाईचा पोरगा आहे," ते म्हणाले. "तिच्या सुपाजवळ बसून मी अभ्यास केला. ती जाऊन खूप वर्षं झाली. हे मी आजपर्यंत कोणत्याच माईकवर बोललो नाही."

 कडेच्या बायकांतली एक म्हातारी उठून उभी राहिली, कशासाठी ते तिलाही कळलं नसावं, आणि मग तिच्या बाजूच्या सगळ्या उठल्या. टाळ्या त्यांच्याकडून सुरू झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मॅडमनी हाराच्या आतून हात काढून माझी बाही ओढली.

"बोलला," त्या म्हणाल्या. "आपन विचारलं होतं का?"

"नाही, मॅडम."

"मंग," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या. शाल सांभाळत त्या मांडवाच्या कडेला, त्या बायकांमध्ये, खाली सतरंजीवर जाऊन बसल्या.